घरचा चार्जर : घ्यावा की थांबावे?

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांत नवी वस्तू सहसा घाईने येत नाही. ती येण्यापूर्वी जेवताना तिच्यावर चर्चा होते, शेजारच्यांचा अनुभव विचारला जातो, आणि वडीलधाऱ्यांचा होकार मिळाल्यावाचून दुकानाची पायरी चढली जात नाही. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आली तेव्हा असेच झाले. पुढे फ्रिज आला, स्नानगृहात गीझर आला, तेव्हाही असेच झाले. इंदूर असो की बडोदे, ग्वाल्हेर असो की बेळगाव, ही सावधगिरी आपण परक्या मुलखात संसार मांडताना अंगी बाणवलेली आहे आणि तिने आपले भलेच केलेले आहे.

आज हीच सावधगिरी विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बाबतीत उपयोगी पडावयाची आहे. मोटार घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न पुष्कळ घरांनी आपापल्या परीने सोडविलेला आहे. परंतु मोटारीच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न मात्र घाईघाईत, विक्रेत्याच्या टेबलासमोर बसूनच सोडविला जातो. ‘घरी भिंतीवर बसवावयाचा चार्जर सोबत देऊ ना?’ असे तो सहज विचारतो, आणि मोटारीसाठी लाखांचे आकडे मोजून झालेल्या माणसाला त्यापुढे आणखी चाळीस-पन्नास हजार क्षुल्लक वाटू लागतात. हा प्रश्न क्षुल्लक नाही, आणि त्याचे उत्तर सर्व घरांना एकच असणार नाही, हे दाखविण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

पेट्रोल कधी आपल्या घरी आले नाही. त्यासाठी पंपावर जावे लागले, रांगेत उभे राहावे लागले. वीज मात्र घरात आहेच. म्हणजे मोटारीचे इंधन प्रथमच आपल्या उंबरठ्याच्या आत आले आहे. ही मोठी सोय होय. पण इंधन घरात आले की त्याची जबाबदारीही घरात येते, हे आरंभीच ध्यानात घेतलेले बरे.

चार्जर म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. भिंतीवर जी पेटी बसवितात तिला आपण चार्जर म्हणतो खरे, परंतु खरा चार्जर मोटारीतच असतो. घरातील वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी असते. बॅटरीला लागते ती एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी. हे रूपांतर करणारे यंत्र मोटारीच्या पोटात बसविलेले असते. भिंतीवरची पेटी ही केवळ एक शहाणी आणि सुरक्षित तोटी होय. जोडणी नीट आहे की नाही, अर्थिंग आहे की नाही, हे ती तपासते आणि मगच वीज सोडते. महामार्गावर जी मोठी जलद चार्जिंगची यंत्रे दिसतात त्यांची गोष्ट निराळी. ती स्वतःच डीसी वीज तयार करून थेट बॅटरीला देतात, आणि तशी यंत्रे घरगुती जोडणीवर चालण्याजोगी नसतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. नळ कितीही मोठा असला तरी घागरीचे तोंड अरुंद असेल तर ती त्या तोंडाच्या मापानेच भरणार. साध्या पंधरा अँपियरच्या पॉवर प्लगमधून २३० व्होल्टांवर सुमारे तीन किलोवॅट वीज घेता येते. भिंतीवरच्या नेहमीच्या पेटीतून बत्तीस अँपियर, म्हणजे सात किलोवॅटांहून किंचित अधिक मिळते. परंतु मोटारीतील चार्जरच ३.३ किलोवॅटचा असेल, तर सात किलोवॅटची पेटी लावूनही मोटार ३.३ नेच भरणार. २०२० साली आलेल्या पहिल्या टाटा नेक्सॉन विद्युत मोटारीत ३०.२ युनिटांची बॅटरी आणि ३.३ किलोवॅटचा चार्जर होता. २०२३ च्या सुधारित आवृत्तीत तो ७.२ किलोवॅटचा झाला. २०२२ साली आलेल्या टियागोच्या काही प्रकारांत ३.३ चा, तर काहींत ७.२ चा असे दोन्ही होते. म्हणून विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न पेटीच्या किमतीचा नव्हे. ‘या मोटारीतला, या विशिष्ट प्रकारातला, अंतर्गत चार्जर किती किलोवॅटचा आहे?’ हा तो प्रश्न होय. जुनी मोटार विकत घेणाऱ्यांनी तर तो आवर्जून विचारावा.

आपली गरज किती?

दुसरा प्रश्न मात्र स्वतःलाच विचारावयाचा आहे : आपण दिवसाला किती किलोमीटर फिरतो? याचे खरे उत्तर फार थोड्या लोकांना ठाऊक असते. आठ दिवस रोज रात्री मोटारीचे आकडे कॅलेंडरवर टिपून ठेवावेत. दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहिला जातो त्यावर या आकड्यांना सहज जागा मिळेल.

मध्यम आकाराची किंवा लहान विद्युत मोटार बॅटरीतील एका युनिटात साधारण सात किलोमीटर जाते असे धरू. चार्जिंग होताना दहा ते पंधरा टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणजे मीटरवर पडणारे युनिट बॅटरीत जाणाऱ्या युनिटांपेक्षा थोडे अधिक असतात. इंदुरातल्या एखाद्या घरची मोटार रोज मुलीला शाळेत सोडून, कचेरीत जाऊन, संध्याकाळी भाजी घेऊन परत येते आणि पस्तीस किलोमीटर धावते, असे समजा. तिला रोज बॅटरीत पाच युनिट, मीटरवर सुमारे सहा युनिट लागतील. साध्या पॉवर प्लगवर हे काम दोन-अडीच तासांत होते. आता दुसरे घर पाहू. तेथील मुलगा रोज पीथमपूरच्या कारखान्यात जातो आणि इतर कामे धरून ऐंशी किलोमीटर फिरतो. त्याला मीटरवर तेरा युनिट लागतील. पाच तासांचे काम.

रात्री दहा ते पहाटे सहा हे आठ तास धरले तर साध्या प्लगमधूनही मोटारीला सव्वाशे किलोमीटरांचे इंधन मिळते. आपल्यापैकी किती जण रोज सव्वाशे किलोमीटर मोटार चालवितात? बेळगावहून कोल्हापूर किंवा बडोद्याहून अहमदाबाद हे अंतर साधारण एकशे दहा किलोमीटरांचे आहे; रोज रात्री एवढा प्रवास पुरेल इतकी वीज साधा प्लग देतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

येथे पेट्रोलच्या सवयीने एक घोटाळा होतो. पेट्रोलची टाकी रिकामी होत आली की आपण ती एकदम भरतो, आणि म्हणून विद्युत मोटारीची बॅटरीही शून्यापासून शंभरापर्यंत भरण्यास किती तास लागतील असेच आपण विचारतो. चाळीस-पंचेचाळीस युनिटांची बॅटरी साध्या प्लगवर पूर्ण रिकामी झाल्यावर भरावयास सोळा ते अठरा तास लागतात, हे खरे. पण घरी रोज रात्री आपण संपूर्ण बॅटरी भरीत नसतो. दिवसभरात जेवढे वापरले तेवढेच परत भरतो. पाण्याच्या टाकीत रोज सकाळी जेवढा नळ येतो तेवढाच सोडतात ना, तसेच हे आहे.

खर्चाचा ताळेबंद

आता पैशांकडे वळू. पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या बिलावरचे आकडे घालावेत.

महिन्याला एक हजार किलोमीटर फिरणाऱ्या मोटारीला मीटरवर सुमारे १६५ युनिट लागतील. युनिटचा दर आठ रुपये धरला तर १,३२० रुपये. तेवढेच अंतर लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल मोटारीने कापावयाचे तर जवळजवळ ६७ लिटर पेट्रोल, आणि १०५ रुपयांच्या भावाने सात हजार रुपये. हा फरक पाहूनच विक्रेते म्हणतात, ‘चार्जरचे पैसे वर्षभरात निघतील.’ हा हिशेब ऐकावयास गोड आहे. पण तो मोटारीचा हिशेब आहे, पेटीचा नाही. ही बचत वीज घरून घेतल्याने होते. ती पेटीतून घेतली काय किंवा साध्या प्लगमधून घेतली काय, मीटर तेच फिरणार आणि बिल तेच येणार.

म्हणून तुलना पेट्रोलशी न करता घरच्या प्लगशी आणि बाहेरच्या चार्जिंग केंद्राशी करावयास हवी. बाहेरच्या केंद्रावर युनिटला वीस रुपये पडतात असे धरले, आणि तेथील कमी नासाडी लक्षात घेऊन १५० युनिट मोजले, तर महिन्याला तीन हजार रुपये होतात. घरच्या विजेशी तुलना करता फरक पडतो सुमारे १,६८० रुपयांचा. आता साधी पण स्वतंत्र, नव्या तारेची पंधरा अँपियरची जोडणी करावयास आठ हजार रुपये लागले, तर ते पाच महिन्यांत वसूल होतात. पेटी, तिची तार आणि वाढीव भार यांसाठी पन्नास हजार लागले, तर ते बाहेरच्या केंद्राच्या तुलनेत तीस महिन्यांत वसूल होतात. परंतु साध्या प्लगच्या तुलनेत? कधीच नाही. पेटी पैसा वाचवीत नाही, वेळ वाचविते. आपला वेळ खरोखरच अडतो आहे काय, एवढाच मग प्रश्न उरतो.

मोटारीबरोबर पेटी ‘मोफत’ मिळत असेल तर? तर ती घ्यावी. पण त्या मोफत जोडणीत किती मीटर तार धरली आहे, पुढच्या प्रत्येक मीटरला किती आकार पडेल, आणि वीज कंपनीकडून भार वाढविण्याचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे. मीटर जिन्याखाली आणि मोटार मागच्या अंगणात, अशी रचना आपल्या जुन्या घरांत नित्याचीच असते, आणि तेथे तारेचाच खर्च पेटीशी बरोबरी करू लागतो.

बिलातील पायऱ्या

वरच्या हिशेबात युनिटचा दर आठ रुपये धरला. पण आपला खरा दर कोणता? घरगुती विजेचा दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. ज्या घरी आजवर दोनशे युनिट लागत होते तेथे मोटार आल्यावर साडेतीनशेच्या वर लागतील, आणि ही वाढ सर्वांत वरच्या पायरीवर पडेल. म्हणून बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर न काढता वरच्या पायरीचा दर धरावा.

याहून महत्त्वाची गोष्ट सवलतींची. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली दोनशे युनिटांच्या मर्यादेत घरगुती वीज बिलातून सूट मिळते. तेलंगणात २०२४ पासून पात्र कुटुंबांना दोनशे युनिटांपर्यंत अशीच योजना लागू झाली. मध्य प्रदेशात दीडशे युनिटांच्या आत राहणाऱ्या घरांना पहिल्या शंभर युनिटांवर मोठी सवलत दिली जाते. बेळगावातील ज्या वृद्ध जोडप्याचे बिल आज या सवलतीमुळे शून्य येते, त्यांच्याच मीटरवर मुलाची मोटार चार्ज होऊ लागली तर मर्यादा ओलांडली जाईल आणि मोटारीच्या विजेबरोबर घरातील दिव्या-पंख्यांचेही पैसे भरावे लागतील. हा खर्च कोणत्याही विक्रेत्याच्या कागदावर लिहिलेला नसतो.

यावर उपाय आहे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार विद्युत वाहनाच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र जोडणी मागता येते. त्याच दुरुस्तीने नव्या जोडणीची मुदतही कमी केली : महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस, आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस. अनेक राज्यांत वाहन-चार्जिंगचा दरही वेगळा ठरविलेला आहे. तथापि स्वतंत्र मीटर म्हणजे स्वतंत्र स्थिर आकार आणि स्वतंत्र अनामत. म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर मांडूनच अर्ज करावा. सध्याच्या जोडणीवरच मोटार चार्ज करावयास मुभा आहे, हे जानेवारी २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केलेले आहे. तेव्हा ‘घरगुती मीटरवर मोटार लावणे बेकायदा आहे’ असे कोणी सांगितले तर घाबरू नये.

वेळेनुसार बदलणाऱ्या दराचीही दखल घ्यावयास हवी. २०२३ च्या नियमदुरुस्तीनुसार, शेती वगळता इतर ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पासून असा दर लावण्याचे ठरले. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर आहे त्यांना तो मीटर बसल्यापासून. यात सूर्यप्रकाशाच्या तासांतील वीज नेहमीच्या दराहून दहा ते वीस टक्क्यांनी स्वस्त आणि गर्दीच्या तासांतील तेवढीच महाग ठेवण्याचा हेतू आहे. प्रत्यक्ष तास आणि दर प्रत्येक राज्याचा आयोग ठरवितो. म्हणजे रात्रीची वीज स्वस्त ही जुनी समजूत आता सर्वत्र खरी राहीलच असे नाही. निवृत्त गृहस्थांची मोटार दुपारी दारातच उभी असते. त्यांनी ती दुपारीच चार्ज करावी. संध्याकाळी घरी येणाऱ्यांनी दिवेलागणीला प्लग न लावता जेवणे आटोपल्यावर लावावा.

ज्यांच्या गच्चीवर ऊन आहे त्यांना आणखी एक वाट मोकळी आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट आणि त्यावरील संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवलेले आहे. एका किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो; तेव्हा तीन किलोवॅटच्या संचातून घर आणि शहरात फिरणारी मोटार यांची बरीचशी गरज भागते. पन्नास हजार रुपये हाती असतील आणि ते पेटीवर घालावेत की गच्चीवर, असा पेच असेल, तर आमचे मत गच्चीच्या बाजूने पडेल.

जुने घर, जुनी तार

आतापर्यंतचे विवेचन वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, ‘मग काय, गीझरचा प्लग काढावा आणि मोटारीचा लावावा!’ येथेच आम्हांस हात आडवा धरावयाचा आहे.

गीझर दहा-पंधरा मिनिटे चालतो, इस्त्री तापली की स्वतःच बंद होते. मोटार मात्र सलग पाच-सहा तास, प्लगच्या जवळजवळ पूर्ण क्षमतेने वीज ओढीत राहते, आणि तीही घरची सारी माणसे झोपलेली असताना. सैल झालेला सॉकेट, काळी पडलेली तार, कधीकाळी चिकटपट्टीने जोडलेला सांधा, यांची परीक्षा अशा वेळी होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमच्या तारा टाकलेल्या आहेत. त्यांचे सांधे काळाने सैल होतात आणि तापतात.

इंदूरच्या जुन्या भागातील एका वाड्याची हकीकत आमच्या माहितीची आहे. लाकडी खांब, मधोमध चौक, वर जावयास एकच जिना, आणि त्या जिन्याच्या खालीच मोटार उभी करण्याची जागा. वर पंचाऐंशी वर्षांच्या आजी राहतात. नातवाने विद्युत मोटार घेतली, आणि तिच्याबरोबर आलेली तार प्लगमध्ये लावताच तिच्यावरचा लाल दिवा लागला. मोटार वीज घेईना. घरच्यांना वाटले, मोटारीतच दोष आहे. परवानाधारक वायरमनने येऊन मोजणी केली तेव्हा उलगडा झाला. घराचे अर्थिंग कोणे एके काळी नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेले होते. मध्यंतरी नळाची दुरुस्ती झाली, लोखंडी पाइप जाऊन प्लॅस्टिकचा आला, आणि त्या दिवसापासून अख्ख्या वाड्याला अर्थिंग उरलेच नव्हते. न्हाणीघरात गीझर लावला की हाताला झिणझिण्या येतात, ही आजींची तक्रार घरात सर्वांनी हसण्यावारी नेलेली होती. मोटारीने जे ओळखले ते माणसांनी ओळखले नव्हते.

त्या कुटुंबाने पेटी घेतली नाही. त्या पैशांतून त्यांनी अंगणात नवा अर्थिंगचा खड्डा घेतला, मीटरपासून तांब्याची नवी मुख्य तार ओढली, आणि मोटारीची जागा जिन्याखालून हलवून फाटकाजवळ नेली. मोटार साध्या जोडणीवर रोज रात्री निर्वेध चार्ज होते. वाड्यात तीन भावांची बिऱ्हाडे एकाच मीटरवर असल्यामुळे मोटारीच्या तारेवर एक लहानसा पोटमीटर बसविला, आणि महिनाअखेरीस त्यावरचे युनिट पाहून नातू आपला वाटा काकांच्या हाती देतो. एकत्र कुटुंबात असे मीटर विजेपेक्षाही अधिक मोलाची गोष्ट राखते, हे अनुभवी वाचकांना सांगावयास नको.

तेव्हा पेटी घेतली वा न घेतली, पुढील कामे टाळता येण्याजोगी नाहीत. मोटारीसाठी मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार असावी. साध्या पंधरा अँपियरच्या जोडणीला चार चौरस मिलिमीटर, आणि बत्तीस अँपियरच्या पेटीला किमान सहा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, अंतर लांब असेल तर त्याहून जाड. त्या तारेवर योग्य क्षमतेचा एमसीबी आणि तीस मिलिअँपियरवर तुटणारा आरसीसीबी हवाच. गळती होताच वीज तोडून माणसाचा जीव वाचविणारे हे साधन आहे. कोळसा-मिठाचा जुना खड्डा असेल तर तो उन्हाळ्यात कोरडा पडतो. वर्षातून एकदा त्याची मोजणी करून घ्यावी. पंधरा अँपियरचा सॉकेट नेहमीचा घरगुती न घेता कारखान्यांत वापरतात तसा भक्कम औद्योगिक सॉकेट घेतल्यास थोड्या जादा खर्चात पुष्कळ निश्चिंती मिळते. एक्स्टेंशन बोर्ड, तीन तोंडांचा प्लग, खिडकीतून सोडलेली तार, यांपैकी काहीही मोटारीसाठी कदापि वापरू नये. मोटारीची तार इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडली जाणार नाही याची खात्री करावी. आणि पहिल्या रात्री एक तासाने उठून सॉकेटला हात लावून पाहावा. चटका बसण्याइतका तापला असेल तर तत्काळ बंद करून वायरमनला बोलवावे.

गोवा आणि बेळगाव येथील पावसात उघड्यावर बसविलेल्या सॉकेटला किंवा पेटीला वरून छप्पर असावे, आणि ती अंगणात पाणी तुंबण्याच्या उंचीहून बरीच वर असावी. माळव्यात आणि बेळगावकडे वळवाच्या विजा कडाडतात. तेथे बोर्डावर लाट-संरक्षक साधन बसविणे हितावह होय.

मंजूर भाराकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. जुन्या घरांचा मंजूर भार पुष्कळदा दोन-तीन किलोवॅटच असतो. तो बिलावर छापलेला असतो. त्यात दोन किलोवॅटचा गीझर, दीड किलोवॅटचा एसी आणि वर सात किलोवॅटची पेटी, ही बेरीज बसणारी नव्हे. भार वाढवावा लागेल, कदाचित एका फेजऐवजी तीन फेजची जोडणी घ्यावी लागेल, आणि त्याबरोबर दरमहाचा स्थिर आकारही वाढू शकेल. हा खर्च एकदा होऊन संपत नाही, दर महिन्याला येतो.

सदनिकेत राहणाऱ्यांसाठी

हैदराबाद आणि बडोदे येथे आपली पुष्कळ कुटुंबे आता सदनिकांत राहतात. तेथे प्रश्न तारेचा कमी आणि शेजाऱ्यांचा अधिक असतो. वाहनतळ सर्वांचा, तार मात्र एकाची. आणि आगीची धास्ती सर्वांनाच. अशा वेळी समितीशी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे ठेवावा : तार कोठून जाणार, कोणत्या मीटरवरून, कोणती संरक्षक साधने बसणार, आणि कोणता परवानाधारक ठेकेदार काम करणार. २०१९ मध्ये केंद्राच्या नमुना इमारत उपविधींत नव्या इमारतींच्या वाहनतळाच्या वीस टक्के जागेत चार्जिंगची सोय असावी अशी तरतूद घालण्यात आली. नवे घर घेणाऱ्यांनी बांधकाम व्यावसायिकाला याविषयी अवश्य विचारावे. दहा-बारा बिऱ्हाडांच्या लहान इमारतीत प्रत्येकाने स्वतंत्र पेटी बसविण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक स्वतंत्र जोडणी घेऊन एक-दोन सामाईक पेट्या बसविणे अधिक शहाणपणाचे ठरते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर भिंतीवर काहीच बसवू नये. बदली झाली की पेटी काढता येते, पण तारेचा खर्च भिंतीतच राहतो.

मग पेटी कोणी घ्यावी?

एवढे वाचून आम्ही पेटीचे शत्रू आहोत असे कोणी समजू नये. ती ज्यांनी घ्यावी अशी घरे निश्चितच आहेत. ज्या घरी दोन विद्युत मोटारी आहेत आणि दोन्ही रोज धावतात. ज्या डॉक्टरांना रात्री-अपरात्री बोलावणे येते. ज्यांचा व्यवसाय रोज दीडशे-दोनशे किलोमीटर फिरवितो. ज्यांची बॅटरी मोठी आहे आणि मोटारीतील चार्जर सात किलोवॅटचा आहे. ज्या गावी वीज रात्री वारंवार जाते आणि आहे तेवढ्या वेळातच भरून घ्यावे लागते. अशांना पेटी ही चैन नव्हे, गरज आहे. पंचेचाळीस युनिटांची बॅटरी सात किलोवॅटच्या पेटीवर सुमारे सात तासांत भरते. रात्री उशिरा धुळ्याहून परतून पहाटे पुन्हा उज्जैनला निघणाऱ्याला या फरकाचे मोल कळते.

इतरांना आमची सूचना साधी आहे. प्रथम परवानाधारक वायरमनकडून घराचे अर्थिंग, तारा आणि मंजूर भार तपासून घ्यावा. मग मोटारीसाठी स्वतंत्र, पक्की पंधरा अँपियरची जोडणी करावी. मात्र भिंतीतून तार ओढताना ती सहा चौरस मिलिमीटरचीच टाकावी, म्हणजे पुढे पेटी घ्यावीशी वाटली तर पुन्हा भिंत फोडावी लागणार नाही. त्यानंतर तीन महिने मोटार चालवावी, आणि साध्या जोडणीवर ज्या दिवशी काम अडले तो दिवस कॅलेंडरवर खुणेने दाखवावा. तीन महिन्यांत अशा खुणा दोन-तीनच झाल्या, तर त्या दिवशी बाहेरच्या केंद्रावर गेलेले स्वस्त पडले असे समजावे. दर आठवड्याला खूण पडू लागली, तर खुशाल पेटी बसवावी. ती कोठेही पळून जात नाही.

शेवटी वडीलधाऱ्यांच्या धास्तीविषयी एक शब्द. जिन्याखाली रात्रभर वीज वाहते आहे या कल्पनेने ज्यांना झोप येत नाही, त्यांना ‘तुम्हांला यातले काही कळत नाही’ असे म्हणून गप्प बसवू नये. त्यांना नवा एमसीबी दाखवावा, आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबून वीज कशी क्षणात तुटते ते दाखवावे, मोटार कोठे उभी राहील ते त्यांना विचारून ठरवावे. झिणझिण्यांची तक्रार करणाऱ्या आजीच खऱ्या होत्या, हे विसरू नये. घरात इंधन आणावयाचे तर ते घरातील सर्वांत भित्र्या माणसाला स्वस्थ झोप लागेल अशा रीतीने आणावे. मग तो प्लग असो की पेटी, निर्णय चुकणार नाही.